खरखर कानाची की रेडिओची?

"डॉक्टर, कान गेलेत का रेडिओ गेलाय, तेवढंच सांगा." ओपीडीच्या गर्दीत इतका नेमका प्रश्न क्वचितच येतो. विचारणारे काका ७४ वर्षांचे, धायरीत माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहणारे. उभी हयात लेथवर गेली. आता ते छोटे वर्कशॉप मुलगा चालवतो. सकाळी उठले की पुणे केंद्र लावायचे, बातम्या ऐकायच्या, मग गाणी, आणि त्या आवाजातच दाढी, अंघोळ, चहा, असा पन्नास वर्षांचा शिरस्ता. गेल्या वर्ष-दीड वर्षात मात्र केंद्राच्या जागी नुसती खरखर. मुलाने नवा सेट आणून दिला, तोही खरखरला. सुनेचे मत कान गेले, काकांचे मत रेडिओ गेला. काका आवाज वाढवायचे, त्यावरून घरात कुरबुर व्हायची, अखेर सेट माळ्यावर गेला. "तेव्हापासून हे फारसे बोलतच नाहीत," काकू म्हणाल्या. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या कागदांपेक्षा मला हे वाक्य महत्त्वाचे वाटले.

कान-नाक-घसा विभागात त्यांची श्रवणचाचणी करून घेतली. आलेखात दोन्ही कानांना चार हजार हर्ट्झच्या आसपास खोल खड्डा होता. लेथ आणि ग्राइंडरच्या शेजारी आयुष्य काढलेल्या माणसाच्या आलेखात हा खड्डा इतका ठरलेला असतो, की पुष्कळदा व्यवसाय विचारावाही लागत नाही. म्हणजे सूनबाई बरोबर. पण खरखर कानातच असती तर ती टीव्हीवर, फोनवर, देवळातल्या कीर्तनातही आली असती. ती फक्त रेडिओवर येत होती. म्हणजे काकाही बरोबर. रविवारी घरी येऊन बघतो, असे मी म्हणालो. सरकारी नोकरीत घरी जाऊन तपासण्याची सवय मोडलेली असते. पण हा पेशंट, म्हणजे रेडिओ, ओपीडीत आणण्यासारखा नव्हता. त्याचा आजार घरातच होता.

हे मला वॉर्डातल्या ईसीजीमुळे सुचले. हृदयाचा विद्युत संकेत छातीवर पोहोचेपर्यंत एखाद्या मिलिव्होल्टचा उरतो. भिंतीत २३० व्होल्टची वायर, उशाशी मोबाइलचा चार्जर, पलंगाला टेकलेला टेबल फॅन. मग पट्टीवरची रेघ करवतीच्या दात्यांसारखी येते. नवा इंटर्न घाबरून धावत येतो. अनुभवी सिस्टर चार्जर काढते, पलंग भिंतीपासून हातभर सरकवते, इलेक्ट्रोड नीट चिकटवते, आणि पेशंटचे हृदय 'बरे' होते. रेडिओचे अगदी असेच आहे. केंद्राचा संकेत किती जोरदार आहे याला एकट्याला अर्थ नाही. आसपासच्या गोंगाटापेक्षा तो किती वर आहे, एवढाच प्रश्न असतो.

धायरीत संकेत कमी नाही. आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. त्याचे मीडियम वेव्हचे प्रक्षेपण ७९२ किलोहर्ट्झवर हडपसरच्या ट्रान्समीटरवरून होते. सोलापूर रस्त्यावरच्या त्या बसथांब्याचे नावच 'आकाशवाणी' आहे. धायरीपासून सरळ रेषेत हे अंतर चौदा-पंधरा किलोमीटर. विविध भारती १०१ मेगाहर्ट्झवर, शिवाय खासगी एफएम. एवढ्या जवळून जर केंद्र ऐकू येत नसेल, तर दोष पाठवणाऱ्याकडे शोधण्याआधी घेणाऱ्याच्या घरात शोधावा.

त्या रविवारी पेन्सिल सेलवर चालणारा माझा छोटा सेट घेऊन गेलो. ७९२ वर लावला. खरखर, आणि तिच्या खाली कुठेतरी निवेदिकेचा आवाज. मुलाला म्हणालो, मेन स्विच पाड. त्याने पाडला आणि खरखर दुप्पट झाली. सगळे माझ्याकडे बघू लागले. मग लक्षात आले, जिन्याखालचा इन्व्हर्टर सुरू झाला होता. तोही बंद केला. एकदम शांतता, आणि त्या शांततेत पुणे केंद्र इतके स्वच्छ, की काकूंनी स्वयंपाकघरातून "लागलं का?" म्हणून विचारले. मग एकेक स्विच चढवत गेलो. फ्रीज निर्दोष. पंखे निर्दोष. हॉलमधली एलईडी पट्टी थोडी दोषी. सेट-टॉप बॉक्सचा अ‍ॅडॉप्टर बराच दोषी. आणि मुख्य आरोपी निघाला देवघरात: गणपतीत आणलेली, चोवीस तास लुकलुकणारी दिव्यांची माळ.

असे का होते, ते समजून घेण्यासारखे आहे. जुन्या पिवळ्या बल्बमध्ये तार तापून प्रकाश पडायचा. तिथे रेडिओला त्रास देण्यासारखे काही नव्हते. एलईडीला कमी दाबाची, एकाच दिशेची वीज लागते. ती मिळवण्यासाठी आतले छोटे सर्किट वीजप्रवाह सेकंदाला हजारो-लाखो वेळा तोडते आणि जोडते. मोबाइलचा चार्जर, लॅपटॉपचा अ‍ॅडॉप्टर, वायफायचा डबा, इन्व्हर्टर, गच्चीवरच्या सोलरचा इन्व्हर्टर, सगळ्यांची रीत हीच. प्रत्येक तोडजोडीची पिल्ले पटीपटीने वरच्या कंपनांत पसरतात, आणि मीडियम वेव्हचा पट्टा, म्हणजे साधारण ५३० ते १६०० किलोहर्ट्झ, नेमका त्यांच्या वाटेत येतो. घरातले वायरिंग मग एरियलचे काम करते आणि हा गोंगाट खोलीखोलीत पोहोचवते. तो अडवायला सर्किटच्या तोंडाशी एक छोटी कॉइल आणि कपॅसिटर लागतो. चांगल्या कंपनीच्या दिव्यात तो असतो. रस्त्याकडेला मिळणाऱ्या स्वस्त दिव्यात आणि चार्जरमध्ये तो पहिल्यांदा गाळतात, कारण त्यावाचूनही दिवा लागतो.

एलईडीला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेतून ३६ कोटींहून अधिक दिवे देशात वाटले गेले, विजेची मोठी बचत झाली, आणि ते योग्यच झाले. पण दिवा विकत घेताना आपण वॅट, वॉरंटी आणि किंमत बघतो. तो हवेत किती घाण सोडतो हे बघत नाही. याच पुणे जिल्ह्यात, नारायणगावजवळ खोडदला, गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. जागा निवडताना तिथे मानवनिर्मित रेडिओ गोंगाट कमी आहे हे एक मोठे कारण होते. पुणे-नाशिक रेल्वेचा आधी आखलेला मार्ग या दुर्बिणीच्या कामात अडथळा आणेल म्हणून बदलण्याचे रेल्वेने ठरवले, हे आपण वाचले. आकाशातल्या क्षीण संकेतासाठी रेल्वे वळते. आपण देवघरातली माळ बंद करायला काय हरकत आहे?

आता घरातला इलाज. वर सांगितलेली तपासणी आधी करावी: सेट सेलवर चालवायचा, मेन पाडायचा, इन्व्हर्टर विसरायचा नाही, आणि मग एकेक स्विच. तरीही खरखर राहिली तर ती शेजाऱ्याकडून किंवा रस्त्यावरून येते आहे. गोंगाट करणारा डबा फार वजनदार नसतो. दोन-तीन मीटर लांब गेले तरी त्याचा जोर झपाट्याने ओसरतो. म्हणून फ्रीजवर, टीव्हीशेजारी किंवा वायफायच्या डब्याजवळ रेडिओ ठेवणे म्हणजे संकट ओढवून घेणे. खिडकीची फळी उत्तम.

दुसरी गोष्ट दिशेची. मीडियम वेव्हसाठी सेटच्या आत पेन्सिलीएवढी काळी फेराइटची कांडी असते, तिच्यावर तांब्याची तार गुंडाळलेली. वर ओढायची स्टीलची कांडी मीडियम वेव्हला सहसा उपयोगी पडत नाही, ती एफएमसाठी. ही आतली कांडी केंद्राकडे आडवी असेल तर ती सर्वाधिक घेते, आणि तिचे टोक केंद्राकडे असेल तर जवळजवळ काहीच घेत नाही. हडपसर धायरीच्या पूर्वेला, किंचित उत्तरेकडे झुकलेले. म्हणजे आपल्याकडे सेटची लांबी साधारण उत्तर-दक्षिण ठेवावी आणि मग थोडा थोडा फिरवून बघावा. हीच युक्ती उलटीही वापरता येते: त्रास देणारा डबा हलवता येत नसेल तर कांडीचे टोक त्याच्याकडे करा, केंद्र थोडे मंदावेल पण खरखर बरीच कमी होईल. काकांच्या घरी सेट माळ्यावरून उतरवून खिडकीत ठेवला, चतकोर फिरवला, आणि नवा सेट आणल्याइतका फरक पडला. शहराबाहेरच्या वाड्यांत संकेत खरोखरच कमी असतो. तिथे आठ-दहा मीटर प्लास्टिकच्या आवरणाची वायर घराच्या आतूनच भिंतीलगत नेऊन तिचे एक टोक सेटभोवती पाच-सहा वेढे गुंडाळले तरी पुरते. आत काही जोडायचे नाही, सेट उघडायचाही नाही.

एफएमचे शास्त्र वेगळे. त्याची लहर तीन मीटरची, सरळ रेषेत जाणारी. डोंगर आणि सिमेंटच्या इमारती तिला अडवतात आणि परतवतात. सरळ आलेली आणि परतलेली लहर एकमेकींना मारतात, म्हणून सेट हातभर सरकवला तरी आवाज सुधारतो किंवा बिघडतो. धायरीत नव्या टोलेजंग इमारती उभ्या राहिल्यापासून हा अनुभव खूप जणांना येतो. खालच्या मजल्यावर सेट दक्षिणेच्या खिडकीत आणि उत्तरेच्या खिडकीत लावून बघावा, एवढेच.

सांगायला हवे ते एरियलच्या धोक्याबद्दल. वायरमन लोक हौसेने सांगतात, की एरियल न्यूट्रलला जोडा, केंद्र खणखणीत येते. येत असेलही. पण आपल्या वायरिंगमध्ये फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल ही रोजची गोष्ट आहे, आणि एकदा का फेज हातात आली की पुढचे आमच्या आपत्कालीन विभागात होते. गच्चीवर लोखंडी सळई किंवा पाइप उभारताना तो जवळच्या उच्चदाब तारेला लागून भाजलेली तरुण मुले मी वॉर्डात पाहिली आहेत. ती भाजणूक बाहेरून लहान दिसते. आत स्नायू शिजलेले असतात, मूत्रपिंडे बंद पडतात, हात कापावा लागतो. एप्रिल-मेच्या वळवाच्या पावसात वीज कडाडते, तेव्हा बाहेरून आत आणलेली कोणतीही वायर सेटपासून काढून ठेवावी. आणि एक प्रश्न हमखास येतो म्हणून उत्तर देतो: एरियलमुळे कर्करोग होत नाही. रेडिओचा एरियल फक्त घेतो, पाठवत नाही. रेडिओलहरींना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये 'शक्यता नाकारता येत नाही' अशा गटात ठेवले होते, ते मुख्यतः डोक्याला लावून वापरायच्या मोबाइलच्या संदर्भात. २०२४ मध्ये याच संघटनेने करून घेतलेल्या मोठ्या आढाव्यात मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही.

काकांच्या मुलाने मग वर्कशॉपमध्ये यायची गळ घातली. पत्र्याची शेड, दोन लेथ, एक मिलिंग, कोपऱ्यात बेंच ग्राइंडर, पाच माणसे. भिंतीवर एक रेडिओ, पूर्ण आवाजात, आणि त्यातून काय चालले आहे ते कोणालाच कळत नव्हते. पत्र्याची शेड म्हणजे रेडिओसाठी बंद डबा; लहर आत शिरायची ती दारा-खिडकीतूनच. त्यात मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह. तोही विजेची तोडजोड करूनच चालतो, आणि ड्राइव्हपासून मोटरपर्यंतची दहा मीटर उघडी केबल म्हणजे खरखरीचे प्रक्षेपण केंद्रच. इथे मीडियम वेव्हचा नाद सोडावा. एफएमसाठी साध्या वायरीचे दोन तुकडे, प्रत्येकी सत्तर-बहात्तर सेंटिमीटर, एका सरळ रेषेत लाकडी पट्टीवर ठोकून शेडबाहेर छपराच्या कडेखाली लावायचे आणि टीव्हीची केबल जोडून आत आणायची. विजेच्या तारांपासून लांब, हे पुन्हा सांगतो. ड्राइव्हसाठी जाळीची केबल, जाळी दोन्ही टोकांना अर्थिंगला पक्की, केबल आखूड, आणि येणाऱ्या लाइनवर फिल्टर. रेडिओसाठी एवढा खर्च कोण करणार, असे मुलगा म्हणाला. पण त्याच्या मिलिंगच्या डिजिटल रीडआउटचे आकडे मधूनच उड्या मारत होते, त्यामागेही हीच घाण असू शकते, हे कळल्यावर तो ऐकू लागला. जाता जाता: पेसमेकर बसवलेल्या माणसाने आर्क वेल्डिंग करण्यापूर्वी आपल्या हृदयरोगतज्ज्ञाला विचारावे. अशा कारखान्यांत हे कोणी सांगत नाही.

मला त्या शेडमध्ये काळजी वाटली ती केंद्राची नाही, कानांची. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागले, की तिथला आवाज ८५ डेसिबलच्या आसपास किंवा वर आहे असे समजावे. ८५ डेसिबलमध्ये आठ तास, ही अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने सुचवलेली मर्यादा. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक. आपल्या कारखाना नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबल चालतात, आणि पाच माणसांची शेड तर सहसा त्या कायद्याच्या कक्षेतच येत नाही. आता गणित करा. शेडमध्ये यंत्रांचा आवाज ८८. त्यावर बोललेले शब्द कळायचे तर रेडिओ पाच-सहा डेसिबल वर हवा, म्हणजे ९४. संकेतात खरखर असेल तर आणखी वर. यंत्रांनी जे नुकसान आठ तासांत केले असते, त्यात रेडिओ आपली भर घालतो. आणि हे नुकसान भरून येत नाही. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

वर्कशॉपमध्ये रेडिओ नको, असे मी म्हणणार नाही. १९४० च्या जूनमध्ये, युद्धाच्या ऐन धामधुमीत, बीबीसीने कारखान्यांतल्या कामगारांसाठी 'म्युझिक व्हाइल यू वर्क' हा संगीताचा कार्यक्रम सुरू केला आणि तो वर्षानुवर्षे चालला. दिवसभर एकच जॉब वळवणाऱ्या माणसाला गाणे लागते. पण रेडिओ भिंतीवर वर टांगून मोठा करण्यापेक्षा जवळ ठेवून लहान ठेवावा. अंतर निम्मे केले की आवाज सुमारे सहा डेसिबल वाढतो, बटण न फिरवता. ग्राइंडर चालू असताना रेडिओ बंद, कानांवर मफ. मोबाइलला लावलेले इअरफोन कानात खुपसून ग्राइंडरवर उभ्या राहणाऱ्या पोरांबद्दल तर बोलायलाच नको. ती यंत्रावर मात करायला आवाज शेवटच्या काडीपर्यंत नेतात.

काकांच्या कानाकडे परत येतो, कारण इथे दोन आजार एकमेकांवर बसलेले होते. वय आणि गोंगाट, दोन्ही वरच्या पट्टीतले ऐकू येणे आधी नेतात. आपल्या भाषेत स्वरांचा जोर खालच्या पट्टीत असतो, आणि स, श, च, फ, थ यांसारखी व्यंजने वरच्या पट्टीत. म्हणून म्हातारी माणसे म्हणतात, आवाज येतो पण शब्द कळत नाही. आता मीडियम वेव्हचे बघा. केंद्रे नऊ-नऊ किलोहर्ट्झवर बसवलेली असल्याने शेजारचे केंद्र आत घुसू नये म्हणून साध्या सेटमध्ये तीन-चार हजार हर्ट्झच्या वरचा आवाज जवळजवळ छाटला जातो. कानाने टाकलेली व्यंजने सेटही टाकतो. त्यावर खरखर, आणि तिचा जोर नेमका उरलेल्या व्यंजनांवर. तरुण सुनेला त्या खरखरीतून बातमी कळते, सासऱ्यांना कळत नाही. ती म्हणते कान गेले, ते म्हणतात रेडिओ गेला. एफएमवर पंधरा हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज येतो. त्यामुळे वयस्कर माणसाला जो कार्यक्रम एफएमवर मिळतो तो तिथेच लावून द्यावा, आणि आवाजाचे बटण वाढवण्याऐवजी, सेटला असेल तर, 'ट्रेबल' वाढवावा.

आणि श्रवणयंत्र. लाज वाटते म्हणून चष्मा नाकारणारा माणूस मला भेटलेला नाही. श्रवणयंत्र नाकारणारे रोज भेटतात. 'लॅन्सेट'च्या २०२४ च्या आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या १४ कारणांत बहिरेपण धरले आहे. रेडिओ ऐकल्याने विसराळूपणा टळतो, असा दावा मी करत नाही. पण ऐकू न आल्याने माणूस संभाषणातून हळूहळू उठून जातो, हे मी दर आठवड्याला पाहतो. पात्र रुग्णांना केंद्राच्या एडिप योजनेतून श्रवणयंत्र मिळते, हे ओपीडीत येणाऱ्या निम्म्या लोकांना ठाऊक नसते.

इथपर्यंत एका घरातली गोष्ट. आता सिंहगड रस्त्याची. २५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या पुढे पाणी सोडले गेले आणि एकतानगरीत ते तळमजल्यांत शिरले. रहिवाशांची तक्रार होती, की वेळेवर सूचना मिळाली नाही. मग २०२५ च्या जानेवारीत याच रस्त्यावर, नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला भागात गुईलान-बारे सिंड्रोमची साथ आली. रुग्ण दोनशेच्या घरात गेले. शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर सापडला, बोट पाण्याकडे गेले. त्या तीन आठवड्यांत माझ्याकडे पाय लुळे पडल्याच्या भीतीने जितके लोक आले, त्याच्या कितीतरी पट मोबाइलवरचे मेसेज दाखवायला आले. चिकन खाऊ नका, पनीर खाऊ नका, शेजाऱ्याच्या घरी जाऊ नका, हा हवेतून पसरतो. सांगायचे होते ते एका श्वासात सांगण्यासारखे: पाणी उकळून प्या, अन्न नीट शिजवून खा, हा आजार माणसाकडून माणसाला लागत नाही, हातापायांत अचानक अशक्तपणा आला तर त्याच दिवशी रुग्णालयात या. हे वाक्य दिवसातून दहा वेळा, एकाच आवाजात, ओळखीच्या निवेदकाकडून ऐकू येणे याला औषधाइतकी किंमत आहे. पण त्यासाठी घरात सेट हवा, आणि त्यावर केंद्र लागायला हवे.

मोबाइल आहे ना, असे म्हटले जाते. २०२३ मध्ये आपल्या सगळ्यांच्या फोनवर मोठ्या आवाजात आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी वाजली होती; ती यंत्रणा चांगली आहे. पण मोबाइलचा टॉवर बॅटरीवर किती तास तग धरतो, हा प्रश्न उरतोच. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगालमध्ये एकाच वेळी वीज गेली, अनेक ठिकाणी मोबाइलचे जाळेही कोलमडले, आणि सेलवर चालणाऱ्या ट्रान्झिस्टरसाठी दुकानांपुढे रांगा लागल्या. लोक रस्त्यात थांबलेल्या गाड्यांभोवती उभे राहून बातम्या ऐकत होते. तेव्हा तिथे रेडिओ स्वच्छ ऐकू आला असणार: वीजच नव्हती, तर खरखर कुठून येणार?

सरकारचे लक्ष मात्र पाठवण्याच्या बाजूलाच आहे. जानेवारी २०२३ मध्ये प्रसारण सुधारण्याच्या 'बिंड' योजनेला अडीच हजार कोटींची मंजुरी मिळाली. आकाशवाणीचे एफएम ८० टक्के लोकसंख्येपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट त्यात आहे. त्याच एप्रिलमध्ये मोबाइल कंपन्यांना फोनमधली एफएमची सोय बंद करू नका, असे केंद्राने सुचवले. चांगली सूचना, फक्त इअरफोनची वायर हाच त्या फोनचा एरियल असतो आणि आता फोनला वायर लावायचे भोकच राहिलेले नाही. जूनमध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग छत्रपती संभाजीनगरला हलवण्याचा आदेश निघाला, पुणेकरांनी आवाज उठवला आणि तो थांबला. या सगळ्यात घेणाऱ्याच्या घरातला गोंगाट कोणी मोजत नाही. माझ्या मते दिव्याच्या आणि चार्जरच्या खोक्यावर वॅटच्या शेजारी रेडिओला त्रास न देण्याची खूण सक्तीची हवी, आणि बाजारातून नमुने उचलून ती तपासली जायला हवी. आणि देशभर मीडियम वेव्हची जुनी केंद्रे बंद करून एफएमकडे वळण्याची जी लाट आहे, ती पुण्यात तरी जपून यावी. एफएमची तीन मीटरची लहर डोंगराआड पोहोचत नाही. ७९२ ची जवळजवळ ३८० मीटरची लहर जमिनीला धरून डोंगर ओलांडते. पानशेत-वरसगावच्या खोऱ्यातून माझ्याकडे येणाऱ्या पेशंटांना हा फरक शास्त्र न शिकताही माहीत आहे.

काकांचे श्रवणयंत्र अजून यायचे आहे. रेडिओ खिडकीत आहे, उत्तर-दक्षिण. परवा सकाळी त्यांच्या घरावरून जाताना बातम्या बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू आल्या, म्हणजे आवाज अजूनही माझ्या हिशेबाने जास्तच. सेट-टॉप बॉक्सचा अ‍ॅडॉप्टर बदलला. देवघरातली माळ काढायला मात्र काकू तयार नव्हत्या. शेवटी तडजोड झाली: बातम्या संपल्यावर माळ लावायची.